सासरा मरतो कधी?

पुरस्कारांचा हंगाम जवळ आला की आमच्या समीक्षक मंडळातल्या लोकांना स्वतंत्र सिनेमाचा उमाळा येतो. वर्षभर हीच माणसं मोठ्या स्टुडिओंच्या पार्ट्यांत नटांच्या खांद्याला खांदा लावून फोटो काढून घेत असतात. हवा गार झाली की 'धाडसी', 'अस्वस्थ करणारा', 'झोप उडवणारा' हे शब्द स्वेटरांबरोबर कपाटातून निघतात, झटकले जातात, आणि हंगाम संपला की डांबराच्या गोळ्या घालून परत आत जातात.

मंडळाचं पारितोषिक एकच, वर्षातला सर्वोत्तम स्वतंत्र चित्रपट. त्यात पैसे नाहीत. मात्र शहरातलं एक जुनं थिएटर त्या सिनेमाला आठवडाभर संध्याकाळचा खेळ देतं. बाकीचे सिनेमे ज्याचे त्याच्या घरी राहतात.

परीक्षक पाच. अध्यक्ष माझे सासरे. ते मोठे समीक्षक, आणि घरात आमचे बाबा. दुसरे प्राध्यापक, जे सिनेमा शिकवतात आणि साधं वाक्य बोललं तर पगार कापला जाईल अशा भीतीने बोलतात. तिसऱ्याला सगळे पाठीमागे कात्री म्हणतात. तो एके काळी सेन्सॉर मंडळावर होता आणि तिथे त्याने मोठ्या निष्ठेने चुंबनं कापली. निवृत्त झाल्यापासून तो अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर स्तंभ लिहितो. चौथी चॅनेलवाली. ती मोबाइलसमोर बसून सिनेमांना तारे वाटते आणि चारच्या खाली सहसा उतरत नाही. पाचवी मी. आधी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत होते, आता एका दैनिकात परीक्षणं लिहिते. मंडळात माझ्या खुर्चीला 'सुनेची खुर्ची' म्हणतात. माझ्या तोंडावर कुणी म्हटलेलं नाही, पण मंडळाची खोली लहान आहे आणि मला चांगलं ऐकू येतं.

बाबांना येत नाही. ही गोष्ट घराबाहेर कुणालाही माहीत नव्हती.

बाबांची सगळी कीर्ती कानांवर उभी होती. पडद्यावर काय दिसतं ते सगळेच सांगत. दाराची कडी, लांबून येणारं पाण्याचं टिपूस, नटीने घोटलेला आवंढा हे फक्त बाबा सांगत. शांततेवरचा त्यांचा लेख अजून अभ्यासक्रमात आहे. मग हळूहळू कान गेले. यंत्र आणलं, पण सिनेमा पाहताना ते काढून ठेवत. त्यातून संगीत म्हणजे पत्र्यावर वाळू ओतल्यासारखं लागतं, म्हणत. खाली इंग्रजी ओळी येतात त्या वाचायच्या, चेहरे पाहायचे, उरलेलं पन्नास वर्षांच्या सरावाने भरून काढायचं. बैठकीत ते खिडकीकडे पाठ करून बसत, म्हणजे उजेड समोरच्यांच्या ओठांवर पडतो. कात्रीच्या मिशा दाट आहेत. त्याचं काहीच वाचता येत नसल्यामुळे बाबा त्याच्याशी सरसकट असहमत होत, आणि त्यांचा अंदाज क्वचितच चुकत असे.

अध्यक्ष म्हणून त्यांचं हे शेवटचं वर्ष होतं. पुढच्या वर्षी त्यांच्या निवडक लेखांचं पुस्तक यायचं होतं. बहिरेपणाची बातमी फुटली असती, तर अलीकडच्या प्रत्येक परीक्षणावर लोकांनी बोट ठेवलं असतं. आणि ठेवायलाच हवं होतं, हेही मला कळत होतं.

घरात त्यांचाच एक नियम होता. परीक्षकांनी बैठकीआधी सिनेमाबद्दल एकमेकांशी अक्षर बोलायचं नाही. सून असली तरी नाही. त्या दिवसांत आम्ही दोघं वेगवेगळ्या खोल्यांत तेच सिनेमे पाहायचो आणि जेवताना गॅस आणि गळक्या नळावर बोलायचो. माझा नवरा म्हणायचा, "या घरात दोन समीक्षक आणि एक माणूस राहतो."

दुसरा नियम मंडळाचा. आधी ज्येष्ठांनी बोलायचं, मग उतरत्या क्रमाने. आदर म्हणून ही पद्धत सुरू झाली असेल. तिचा उपयोग मला पहिल्याच वर्षी कळला. बाबा बोलेपर्यंत कुणाला मत नसायचं, आणि बोलून झाले की सगळ्यांना असायचं.

बैठक रविवारी दुपारी होती. मंडळाची खोली एका छापखान्याच्या वर आहे, त्यामुळे तिथल्या खुर्च्यांनाही शाईचा वास येतो. लांब टेबल, चाकांच्या स्टँडवरचा टीव्ही, भिंतीवर जुन्या अध्यक्षांचे फोटो. त्यांतला एकही हसत नाही. शेवटी दोन सिनेमे उरले होते.

पहिला 'सोललेला'. त्यात एक इसम कपडे काढून सरकारी कचेरीच्या जिन्यावर बसतो आणि सिनेमा संपेपर्यंत उठत नाही. लोक येतात, त्याला ओलांडून जातात, एक जण त्याच्यावर ओकतो. दुसरा 'पेला'. एका सुनेवर लकवा मारलेल्या सासऱ्याची जबाबदारी येऊन पडते, त्याची गोष्ट. दिग्दर्शिका नवखी. दोन ठिकाणी 'पेला' दाखवला तेव्हा प्रेक्षक उठून गेले होते, त्यामुळे थिएटरवाले त्याला हात लावायला तयार नव्हते.

बाबांनी 'सोललेला'पासून सुरुवात केली. "नागडा माणूस आहे. ठीक आहे. मला बराच वेळ त्या जिन्याची काळजी वाटत होती."

"पण सर, शरीर इथे राजकीय भूभाग होतं," प्राध्यापक म्हणाले.

"भूभाग थंड असणार. त्याने दोनदा कूस बदलली."

"धाडस आहे हो," कात्री म्हणाला. "एवढं उघडं आपल्याकडे कोण दाखवतं? मी कापाकापीच्या कायम विरोधात राहिलेलो आहे."

चॅनेलवालीला खोकला आला. प्राध्यापकांनी तिच्यापुढे पाणी सरकवलं.

"आता दुसरा," बाबा म्हणाले. "'पेला'. नीटनेटका. सुरुवातीला सासऱ्याला स्ट्रेचरवरून आत नेतात, मग कॅमेरा त्याच्या खोलीत पाऊलही टाकत नाही. सून रिकामा पेला बाहेर आणते, भरून परत आत नेते. हे चांगलं आहे. पण शेवट. सासरा गेल्यावर ती पहिल्यांदा एकटी निवांत जेवते. पाठमोरी. लांबलचक शांत शॉट. ही शांतता मला फार गोड वाटली. सिनेमा घाबरला आणि घरी जाऊन जेवला."

ओठांपर्यंत नेलेला चहाचा कप मी खाली ठेवला.

प्राध्यापक मान डोलावत होते. "अगदी. ती शांतता म्हणजे मध्यमवर्गीय सांत्वन आहे. पेला रिकामा आहे, म्हणजे कर्तव्य संपलंय, आणि त्या पोकळीला दिग्दर्शिका मुक्ती समजते. मला तर त्या नि:शब्दतेत एक प्रकारचा तह दिसला."

"बायकी सिनेमा आहे," कात्री म्हणाला. "सॉरी, पण आहे. लोक उठून गेले म्हणतात ते कंटाळून गेले असतील."

"मला आवडला हं," चॅनेलवाली म्हणाली. "शेवट इतका शांत आहे ना, मी अक्षरशः श्वास रोखून बसले होते. पण पारितोषिक 'सोललेला'लाच. याला विशेष उल्लेख देऊ या. 'शांततेच्या संयत वापरासाठी.' छान वाटेल तिला."

विशेष उल्लेखाला थिएटर मिळत नाही. त्याला एक फ्रेम केलेला कागद मिळतो.

आता माझी पाळी होती. पण 'पेला'च्या शेवटी काय आहे, ते आधी सांगायला हवं.

सासऱ्याची वाचा गेलेली आहे. तो सुनेला हाक मारतो ती पलंगाच्या लोखंडी दांड्यावर स्टीलचा पेला आपटून. तो आपल्याला दिसत नाही, आवाज ऐकू येतो. सिनेमाभर तो आवाज येतो आणि सिनेमाभर ती हातातलं काम टाकून आत जाते. त्या आवाजाला शब्द नाहीत, म्हणून खाली ओळ उमटत नाही. शेवटी ती ताट वाढून घेते आणि आपल्याकडे पाठ करून बसते. पेला वाजू लागतो. ती जेवत राहते. पेला जोरात वाजतो, थांबतो, परत वाजतो. मधल्या अंतरात ती पाणी पिते. हळूहळू ठोके विरळ होतात आणि मग येतच नाहीत. ती ताट धुते, हात पुसते. सिनेमा संपतो.

लोक उठून गेले होते ते यामुळे.

बाबांनी चूक कशी केली, ते मला ताबडतोब कळलं. खोलीत कॅमेरा जात नाही. आवाज काढून टाकला तर त्या पाठमोऱ्या बाईचं जेवण हे फक्त जेवण उरतं, आणि सासरा आधीच गेलेला असणार असं कुणालाही वाटेल. त्यांचा तर्क त्यांच्या पुराव्याला धरून होता. बाकीच्या तिघांना धडधाकट कान होते. त्यांच्या बाबतीत एकच निष्कर्ष निघत होता. त्यांनी शेवट पाहिला नव्हता. काहींनी मधलाही पाहिला नसेल.

"मॅडम, बोला," बाबा म्हणाले. बैठकीत ते मला अहोजाहो करतात.

मी त्यांच्याकडे तोंड करून, ओठ नीट दिसतील असं बोलले. "सर, एक शंका आहे. सासरा मरतो कधी?"

मला वाटलं होतं, हा प्रश्न वाचून ते थबकतील. त्यांना पुसटशी जरी शंका आली तरी त्यांनी विषय पुढे ढकलला असता, आणि घरी गेल्यावर मी सगळं सांगितलं असतं. पण स्वतःच्या डोळ्यांवर त्यांचा फार विश्वास.

"ताट वाढण्याआधी," ते म्हणाले. "ती चादरी वाळत घालते तिथे. उघड आहे."

"प्राध्यापक?"

"मृत्यू पडद्याबाहेर घडतो," प्राध्यापक म्हणाले. "त्याला क्षण नाही. तो विखुरलेला आहे."

"कात्री साहेब?" हे माझ्या तोंडून निघून गेलं. त्याला त्याचं टोपणनाव माहीत होतं की नाही कुणास ठाऊक, पण तो रागावलाही नाही. प्रश्नानेच गडबडला होता.

"डॉक्टर येऊन जातो तिथे," तो म्हणाला.

सिनेमात डॉक्टर नाही.

"मध्यंतराच्या थोडं आधी ना?" चॅनेलवाली म्हणाली.

सिनेमाला मध्यंतर नाही.

"चार माणसं, चार मरणं," मी म्हणाले. "एवढा मेलेला सासरा मी पाहिला नाही. एकदा शेवट लावून बघू या?"

"आता कशाला?" प्राध्यापक म्हणाले. "आपण काय पहिलीत आहोत?"

"वेळ नाहीये हो," कात्री म्हणाला. "मला पुढे एका परिसंवादाला जायचंय. मुस्कटदाबीवर."

मला बाबांकडे पाहायचं नव्हतं, तरी पाहिलं. ते माझ्या डोळ्यांकडे बघत होते, ओठांकडे नाही. त्यांच्या कपाळावर ती आठी आली होती जी लिहिताना एखादा शब्द सापडला नाही की येते. तिथे मी थांबले असते तर ते सुखरूप घरी गेले असते, आणि तो सिनेमा गोड ठरून दिग्दर्शिकेच्या घरी कायमचा राहिला असता. सिनेमाबद्दल खोटं बोललेलं या घरात चालणार नाही, हे वाक्य लग्नानंतर पहिल्या आठवड्यात त्यांनीच मला ऐकवलं होतं. तेव्हा मी एक सुमार सिनेमा नवऱ्याला आवडला म्हणून बरा म्हटला होता.

मी लॅपटॉप टीव्हीला जोडला आणि शेवट लावला. आवाज पूर्ण वाढवला.

ती ताट वाढून घेते. बसते. पाठ.

पेला वाजला.

चॅनेलवाली दचकून खोलीच्या दाराकडे बघू लागली. कुणीतरी कडी वाजवतंय असं तिला वाटलं असावं. परत वाजला. कात्रीने मिशीवरचा हात काढला. प्राध्यापकांनी चष्मा काढून पुसला, आणि तो परत डोळ्यांवर चढवायचं त्यांना सुचलं नाही. ठोके वाढत गेले. लोखंडावर स्टील, कोरडं, न थांबणारं. खाली छापखाना बंद होता. खोलीत दुसरा कसलाच आवाज नव्हता. पडद्यावर ती बाई सावकाश चावत होती.

बाबा पडद्याकडे बघतच नव्हते. ते त्या तिघांचे चेहरे पाहत होते, एकेक करून. माणसं काही ऐकत असताना त्यांच्या चेहऱ्याचं काय होतं ते त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार. ठोके विरळ झाले तसे तिघांचे खांदे खाली आले. तेही त्यांनी पाहिलं.

सिनेमा संपला. मग प्राध्यापक सावरले.

"सर, म्हणजे तुम्ही ज्याला शांतता म्हणालात," ते म्हणाले, "ती हीच. आवाजाच्या पोटातली शांतता. मला तेव्हाच जाणवलं, की तुम्ही शांतता हा शब्द उपरोधाने वापरताय."

"हो ना," चॅनेलवाली म्हणाली. "आणि तो आत जिवंत असला तरी तिच्यासाठी तो मेलेलाच. सर तेच तर म्हणत होते."

"मीही तेच म्हणत होतो," कात्री म्हणाला.

कौतुक करावं तेवढं थोडं. समोर मढं उठून बसलं तरी या लोकांनी त्याची शोकसभा सुरू ठेवली असती. सुटकेचा दोर बाबांच्या हातात आयता दिला होता. त्यांनी फक्त मान हलवायची होती. त्यांची कीर्ती शाबूत राहिली असती, उलट थोडी वाढलीच असती.

बाबांनी खिशातून यंत्राची डबी काढली आणि टेबलावर ठेवली. मंडळात कुणीही ती पाहिलेली नव्हती.

"अगं," ते मला म्हणाले. बैठकीत पहिल्यांदाच अगं. "काय वाजत होतं?"

"पेला, बाबा. पलंगावर. तो तिला हाक मारत होता."

"जेवण होईपर्यंत?"

"जवळजवळ."

ते त्या तिघांकडे वळले. त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता, परीक्षणात पहिल्या ओळीला लागतो तसा.

"मी बहिरा आहे," ते म्हणाले. "तुम्हाला काय झालं होतं?"

कात्रीने घड्याळ पाहिलं.

"'पेला' मी पाहिलेला नाही," बाबा म्हणाले. "अर्धा पाहिला. अर्ध्यावर मत देता येत नाही, म्हणून माझं मत बाद. आणखी कुणाचं बाद आहे?"

कुणाचंच नव्हतं.

मतदान झालं. 'सोललेला' तीन, 'पेला' एक. बाबांचं एक मत मिळालं असतं तरी फरक पडला नसता. पण ते बोलल्यावर मतं ज्या वेगाने फिरतात ते मी पाहिलेलं आहे, आणि हा सिनेमा थोर आहे एवढं ते नुसतं म्हणाले असते तर पाचही हात वर गेले असते. त्यांनी तसं म्हटलं नाही. अर्धवट पाहिलेल्या सिनेमाला त्यांनी थोर म्हणावं असं मलाही वाटलं नाही, आणि म्हणावं असंही वाटत होतं. चॅनेलवालीने विशेष उल्लेखाचा मजकूर प्राध्यापकांना दाखवला. त्यांनी 'शांततेच्या'आधी 'ध्वनी आणि' एवढं जोडलं.

जिना उतरताना कात्री माझ्याशेजारून चालत होता. "वाईट वाटलं हो सरांचं," तो म्हणाला. "इतकी वर्षं आम्हाला काहीच कळू दिलं नाही. बिचारे. यावर लिहायला पाहिजे."

"लिहा ना," मी म्हणाले. "पण आधी पूर्ण बघा."

त्याने लिहिलं. 'न ऐकू येणाऱ्यांचा निवाडा' असं शीर्षक दिलं आणि बाबांचं नाव सोडून सगळं छापलं. त्यात त्याने 'पेला'मधल्या डॉक्टरचं कामही उत्तम झाल्याचं म्हटलं होतं.

ते नंतरचं. त्या दिवशी गाडीत मी मनात वाक्यं जुळवत होते, पण गाडी चालवताना माझा चेहरा रस्त्याकडे असतो आणि त्यांना माझे ओठ दिसत नाहीत, हे कारण मला पुरलं.

घरी आल्यावर त्यांनी बूट काढले आणि सरळ स्वयंपाकघरात गेले. स्टीलचा एक पेला घेऊन आले. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडला, माझ्यापुढे पेला ठेवला आणि आपला तळवा टेबलावर सपाट पसरला.

"लाव," ते म्हणाले. "आणि तो वाजवेल तसं तू वाजव."

मी लावलं. पडद्यातला ठोका ऐकायचा आणि लगेच टेबलावर मारायचा, हे बोलण्याइतकं सोपं नाही. मी सतत किंचित मागे पडत होते. बाबांची नजर त्या बाईच्या पाठीवरून हलत नव्हती. टेबल थरथरलं की त्यांची बोटं थोडी आकसायची. ठोके विरळ झाले. मी थांबले. त्यांचा हात तिथेच राहिला, पुढच्या ठोक्यासाठी. ती बाई ताट धुऊन हात पुसू लागली तेव्हा त्यांनी तो उचलला.

"मध्ये तू दोनदा थांबलीस," ते म्हणाले.

"तो थांबतो. दमतो मधे."

"तेव्हा ती पाणी पिते."

"हो."

"आणि याला मी गोड म्हणालो," ते म्हणाले. दुसऱ्यांच्या सिनेमांबद्दल ज्या स्वरात बोलत त्याच स्वरात. "घरी जाऊन जेवला म्हणालो. टाळ्या घेतल्या असत्या त्या वाक्याने."

माझा नवरा आवाज ऐकून दारात आला. "काय ठोकताय? आणि जेवायचं कधी? वाढू का?"

डोळ्याच्या कोपऱ्यातून तो दिसताच बाबांनी त्याच्याकडे न वळता हात वर केला, थांब म्हणून. मग पेला माझ्याकडे सरकवला आणि तळवा परत टेबलावर ठेवला.

"परत," ते म्हणाले. "ती ताट वाढून घेते तिथून. आणि जरा जोरात मार. तो घाबरलेला असणार."